पाण्याचं कार्ड

आमच्या घरी सपरीला, म्हणजे पुढच्या ओसरीला, लागून एक लहान खोली आहे. तिच्यातली भांडी आमची नाहीत, गावाची आहेत. भात शिजवायचे मोठाले गंज, परातीसारखे कोपर, कढया, ढवळायचे सराटे, पंगतीचे जग. सावली तालुक्यातल्या आमच्या गावात लग्न असो की बारसं, ज्याच्या घरी जेवण असेल तो ही भांडी नेतो आणि काम झालं की घासूनपुसून परत आणतो. घरोघरी एवढा मोठा गंज कोण घेऊन ठेवणार? वर्षातून एकदा लागणार आणि बाकीचे दिवस त्यात उंदीर नांदणार. म्हणून भांडी एकाच ठिकाणी, आणि ते ठिकाण आमचं घर. असं का ठरलं हे कोणालाच आठवत नाही. बाबा होते तोवर बाबा बघायचे, ते गेल्यावर माय बघते.

या भांड्यांचा एक कायदा आहे. भांडं रिकामं परत येत नाही. तळाशी मूठभर तांदूळ टाकूनच आणायचं. कितीही गरीब घर असो, कायदा मोडत नाही. फक्त तेरवीचं भांडं रिकामं येतं. मरणाच्या घरचा दाणा दुसऱ्या घरी जाऊ देत नाहीत.

माझा मोठा भाऊ या खोलीत वाढला म्हटलं तरी चालेल. त्याला सिकलसेल होतं, जन्मापासूनचं रक्ताचं दुखणं. रोवणीच्या, धानाच्या लावणीच्या दिवसांत सगळं घर बांधीत, चिखलात, आणि हा खोलीत. थंड पाण्यात तासभर उभा राहिला की आठवडाभर हाडं ठणकायची. म्हणून भांडी देणं-घेणं त्याच्याकडे. मला त्याचा फार राग यायचा. मी वाकून वाकून कंबर मोडून घ्यायची आणि हा राजासारखा सपरीत बसून लोकांना गंज देणार. मी म्हणायची, "मले बी दुखते, मले पण बसव ना खोलीत." तो म्हणायचा, "ये ना. घेतं का माहं दुखणं? तांदूळ टाकूनच देतो."

पुढे आम्ही दोघंही कॉम्प्युटर शिकलो. तो आधी, अडखळत, दवाखान्याच्या फेऱ्यांमधून वेळ काढत. मी मागून, सरळ. चंद्रपूरला एक खोली भाड्याने घेतली, खिडकीला कूलर बसवला आणि काम शोधायला लागलो. एटापल्लीच्या बाजूला आरोग्याचं काम करणारी एक संस्था होती. त्यांना गावोगाव फिरणाऱ्या बायांसाठी टॅब्लेटवर चालणारं ॲप पाहिजे होतं. ताप, बाळंतपण, सिकलसेल, साप, सगळ्याच्या नोंदी. ते काम आम्हाला मिळालं.

सुरुवातीला आम्ही नुसता गोंधळ घातला, खरं सांगते. ॲपची एकेक स्क्रीन बनवायची घाई. एक बटण बनवलं की पुढच्या स्क्रीनला लागणारं बटण मी तिथूनच उचलून चिकटवायची. जरा रंग बदलायची, जरा जागा बदलायची. काम भराभर व्हायचं आणि मला वाटायचं, मी लय हुशार. मग संस्थेतल्या एक ताई, ज्या या बायांना शिकवायच्या आणि स्वतः माडिया आदिवासी घरातल्या होत्या, त्यांचा फोन आला. एका स्क्रीनवर 'जतन करा' उजवीकडे, दुसऱ्यावर डावीकडे, तिसऱ्यावर त्याचं नावच 'साठवा'. बाया गोंधळून राहिल्या आहेत, आधी ठरवा तुमचं.

दादानं माझा सगळा कोड उघडून पाहिला आणि डोक्याला हात लावला.

"एकच बटण, अन् प्रत्येक घरात वेगळं वेगळं घेऊन ठेवलं तुनं?"

"कॉपी केलं तर काय बिघडते?"

"आज काई बिघडत नाई. उद्या त्यातलं एक अक्षर बदलाचं म्हटलं का गावभर फिरशील."

त्यानं एक नवा फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं 'भांडी'. मी हसले. मीटिंगमध्ये कोणी विचारलं तर काय सांगायचं? पण त्यानं मनावर घेतलं होतं. बटण, तारखेचा रकाना, इशाऱ्याची पट्टी, नेट नसल्याची खूण, जे जे पुन्हा पुन्हा लागतं ते सगळं या फोल्डरमध्ये एकदाच बनवायचं. ज्या स्क्रीनला पाहिजे तिनं आपल्या फाइलीच्या पहिल्या ओळीत लिहायचं, भांड्यांतून हे आणलं. आमच्या धंद्यात त्याला इम्पोर्ट म्हणतात. आणलेली वस्तू मुळात एकच असते, त्यामुळे ती एका जागी सुधारली की सगळीकडे सुधारते.

आणि फोल्डरला दार एकच. आत त्यानं कप्पे केले होते, मोठी भांडी, लहान भांडी, नाजूक भांडी. पण बाहेरच्या स्क्रीननं थेट कप्प्यात हात घालायचा नाही. दारात एक फाइल होती, तिच्यात आतल्या वस्तूंची नावं. तिथं नाव घ्यायचं आणि वस्तू मिळवायची. ती आत कुठल्या कोनाड्यात आहे हे मागणाऱ्याला कळायचं कारण नाही.

"भांडी मांगाले आलेला माणूस कुठी उभा रायते?"

"सपरीत."

"मंग. खोलीत शिरते का? आपण काढून देतो. उद्या आपण खोलीत गंजाची जागा बदलली तरी त्याले काय फरक पडते?"

आणखी एक कायदा त्यानं केला, जो मी दुसऱ्या कुठल्याही कामात पाहिला नाही. भांड्यांतून काही आणलं तर काहीतरी टाकूनच जायचं. आणताना एखादी खोट दिसली तर दुरुस्त करा, नाहीतर त्या फाइलीत पुढच्यासाठी एक ओळ लिहा. 'उन्हात हा रंग दिसत नाही, गडद केला.' 'बोट जाड असलं तर दोनदा दाबलं जातं, बटण मोठं केलं.' मी कंटाळा करायची. मग तो नुसता म्हणायचा, "रिकामं आणलं का?" आणि मी कुरकुरत एक ओळ लिहायची. हळूहळू सवय लागली. आज त्या फाइली उघडल्या तर मलाच खरं वाटत नाही की आम्ही एवढ्या शहाणपणानं वागत होतो.

या सगळ्या भांड्यांत एक कार्ड होतं. त्याचीच गोष्ट मला सांगायची आहे.

सिकलसेलच्या रोग्याला विचारावं लागतं, किती दुखतं? डॉक्टर लोकांची पद्धत आहे, दहापैकी आकडा सांगा. तशी स्क्रीन आम्ही केली होती. ताई म्हणाल्या, "आमच्याकडली म्हातारी पाचच म्हणते. मरून राह्यली असली तरी पाच. पाच म्हटलं का विचारणारी खूश होईल, असं वाटते तिले."

दादा हसला. "मी बी पाचच म्हणतो."

मला धक्का बसला. इतकी वर्षं मी त्याच्यासोबत दवाखान्यात गेले आणि मला वाटायचं, याला बरं आहे, पाच म्हणजे मध्यम. मी त्याला म्हटलं, तू खोटं काऊन बोलत होता? तर म्हणे, खोटं नाई, मले आकडा माहीतच नाई, तो दुखण्याच्या अंगावर लिहिला नसते.

पण मायला तो फसवू शकत नव्हता. माय त्याला कधीच विचारायची नाही की किती दुखते. ती सकाळी उठून एवढंच विचारायची, "पाणी उठून घेतलं का?" त्यावरून तिला सगळं कळायचं. दादानं तेच उचललं. स्क्रीनवर एक गुंड, म्हणजे पाण्याची कळशी, आणि एक गिलास. खाली पाच ओळी. दुसऱ्याला पाणी देतो. स्वतः उठून घेतो. आणून दिलं तर पितो. पाजलं तर पितो. पाणी नको.

ताईंनी त्या ओळी माडियात बोलून त्यांचा आवाज घातला. गावातल्या माणसानं फक्त बोट ठेवायचं. आणि लोक खरं सांगायला लागले. पाणी प्यायलं की नाही यात कोणाला खूश करायचं काही नसतं. कार्ड आधी सिकलसेलच्या स्क्रीनवर आलं, मग तापाच्या, मग बाळंतपणानंतरच्या. जिथं दुखणं तिथं ते कार्ड. प्रत्येक वेळी एकच ओळ लिहायची, दारातून नाव घ्यायचं, झालं. दादा खूश असला की खुर्चीवर मागे रेलायचा आणि म्हणायचा, "मायले सांग, तिचं पाणी भामरागडपर्यंत गेलं." मायला सांगितलं तर ती म्हणाली, तिथी का पाणी नाई?

मग तो पावसाळा आला. रोवणी सुरू होती. दादाला चंद्रपुरातच ताप आला. त्याला गावी आणलं, आणि तिथून दोन दिवसांत गडचिरोलीच्या दवाखान्यात. छातीत कफ भरला होता, श्वास पुरत नव्हता. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं, त्यांना मी बोल लावत नाही. माय खाटेच्या एका बाजूला, मी दुसऱ्या.

पहिल्या दिवशी मायनं विचारलं तर तो म्हणाला, "आणून दे, पितो." मी आणून दिलं. त्यानं गिलास हातात धरून पाणी प्यायलं आणि माझ्याकडे पाहून डोळा मारला. तीन नंबर, असं म्हणायचं होतं त्याला. दुसऱ्या दिवशी मायनं पाजलं. त्या दुपारी मास्क बाजूला करून तो मला म्हणाला, "ते कार्ड पाहजो. माहं हाये म्हणून नाई. कामाचं हाये म्हणून. काढू नको देजो कोणाले." मी म्हटलं, तूच पाहशील, तोंड बंद ठेव अन् श्वास घे. मी त्याला रागावले. दुसरं काही सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी मायनं गिलास पुढे केला आणि त्यानं मान हलवली. "नको."

माय तिथून उठून बाहेर गेली. मी अजून नर्सला काहीबाही विचारत होते, ऑक्सिजन किती, रिपोर्ट कधी. माय मात्र बाहेर बाकावर बसून पदर तोंडात घालून रडत होती, कारण तिला कळलं होतं. तो संध्याकाळी गेला.

तेरवीला गावची भांडी निघाली. दुसरीकडे न्यायचीच नव्हती, खोलीतून अंगणात आणि अंगणातून खोलीत. जेवणं झाल्यावर बायांनी भांडी घासली आणि आत नेऊ लागल्या, तेव्हा माय तांदळाचा डबा घेऊन दारात उभी राहिली आणि एकेका भांड्यात मूठ टाकू लागली.

शेजारची काकी म्हणाली, "अवो बाई, तेरवीच्या भांड्यात दाणा नाई टाकत."

माय म्हणाली, "माह्या पोरानं जन्मात कोणाचं भांडं रिकामं नाई ठेवलं. त्याचं मी काऊन ठेवू? अन् कुठी चालला हा दाणा, माह्याच घरात तं चालला."

काकीनं डब्यात हात घातला. तिनंही मग एक मूठ टाकली.

मी चंद्रपूरला परत गेले. कूलर, दोन खुर्च्या, एक रिकामी. काम तर करावंच लागतं. त्याच सुमाराला संस्थेचं काम वाढलं, आणखी जिल्हे जोडले गेले आणि पुण्याची एक मोठी टीम या कामात आली. त्यांनी सगळ्या जिल्ह्यांसाठी मिळून एक सामाईक लायब्ररी बनवली होती. बटणं, रकाने, कार्डं, सगळं एकदाच बनवलेलं, सगळ्यांनी तिथूनच आणायचं. प्रत्येक जिल्ह्यानं आपापला वेगळा गंज कशाला ठेवायचा?

ऐकता ऐकता मला कळलं की हे तर दादाचंच बोलणं आहे. शब्दाला शब्द. आणि त्याच बोलण्यानं ते त्याचं कार्ड काढायला निघाले होते. दुखणं मोजायची पद्धत सगळीकडे एकच पाहिजे, म्हणजे एका जिल्ह्याची दुसऱ्याशी तुलना करता येईल. एक ते दहा.

मी भांडले. मी काही गोड बोलणारी बाई नाही, आणि त्या दिवशी तर माझा आवाज मीटिंगमध्ये पार खोलीबाहेर गेला. मी सांगितलं, आमचे लोक पाचच म्हणतात. ताईंनीही सांगितलं, शांतपणे, दोनदा. पुण्याचे साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, "ताई, तुमची भावना मी समजू शकतो. आम्ही बायांना नीट ट्रेनिंग देऊ." मी म्हटलं, भावना घाला चुलीत, मी कामाचं सांगून राहिली आहे. पण त्यांना माझ्या भावाचं कळलं होतं, आणि त्यामुळे मी काहीही बोलले तरी ते रडणंच वाटणार होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, पण कधी कधी ज्याचं जळतं त्याचंच कोणी ऐकत नाही.

ठरलं. आणि ते काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण तो कोड ओळखणारं आता दुसरं कोणी नव्हतं. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्या कोणाला बसवलं असतं, आणि त्यानं दादाच्या फाइलींत बूट घालून फिरावं हे मला नको होतं.

सकाळी बसले. मला वाटलं होतं, दिवस जाईल, कदाचित दोन. कार्ड इतक्या स्क्रीनवर होतं. एकेक उघडायची, त्याचं नाव शोधायचं, काढायचं, नवीन बसवायचं. कुठे काही तुटेल, लाल अक्षरात ॲप ओरडेल की इथं काहीतरी होतं ते कुठे गेलं. त्या लाल अक्षरांची मी वाटच पाहत होते म्हणा ना.

तसं काहीच झालं नाही. सगळ्या स्क्रीन त्या एका दारातून कार्ड मागत होत्या. मी दारातल्या फाइलीत एक ओळ बदलली. त्या नावावर आतून दादाचं कार्ड यायचं, तिथं पुण्याचं कार्ड जोडलं. ॲप पुन्हा चालवलं. एकही एरर नाही. तापाच्या स्क्रीनवर एक ते दहा. बाळंतपणाच्या स्क्रीनवर एक ते दहा. स्क्रीनना कळलंसुद्धा नाही की आत कोण बदललं. चहा अजून गरम होता.

त्यानं इतकं नीट लावून ठेवलं होतं की त्याला काढायला एक ओळ पुरली. माझ्यासारखा गबाळा असता, जागोजागी चिकटवत गेला असता, तर कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात उरला असता. वर्षभरानं कोणाला तरी सापडला असता. मी त्याच्यावर इतकी चिडले त्या वेळी, इतकी चिडले, की रिकाम्या खुर्चीला म्हटलं, काऊन इतकं शहाणपण केलं तू?

मग कार्डाची फाइल उरली होती. कोणी मागत नाही अशी फाइल ठेवायची नाही, हाही त्याचाच कायदा. अडगळ म्हणायचा तो. तीही काढली. ताईंच्या आवाजाच्या पट्ट्या काढल्या. काम पाठवलं, लॅपटॉप बंद केला आणि मूल गावावरून जाणारी बस पकडून घरी आले. बसमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, कुठी उतरशील, तर मला गावाचं नाव पटकन आठवेना.

घरी पोचले तेव्हा दुपार होती. माय सपरीत धान पाखडत बसली होती. वेळ नसताना आले तरी तिनं काही विचारलं नाही. सूप खाली ठेवलं, आत गेली, गुंडातलं पाणी घेऊन आली आणि गिलास माझ्यापुढे धरला.

"नको," मी म्हटलं.

मी मुद्दाम म्हटलं नव्हतं. खरंच नको होतं. माय गिलास धरून तशीच उभी राहिली, माझ्याकडे पाहत. मग ती माझ्याजवळ खाली बसली. मला सगळं सांगायचं होतं, की मायबाई, मी त्याला सांगितलं होतं तू तोंड बंद ठेव, आणि त्यानं सांगितलेलं एकच काम माझ्याच्यानं झालं नाही. पण नुसतं रडू येत होतं.

मायनं एक हात माझ्या मानेमागे घातला आणि दुसऱ्या हातानं गिलास ओठाला लावला. दवाखान्यात त्याला लावायची तसा. थोडं पाणी हनुवटीवरून खाली सांडलं, बाकीचं मी प्यायले. ती घाई न करता गिलास रिकामा होईपर्यंत धरून बसली.

मग पदरानं माझं तोंड पुसलं आणि सूप परत मांडीवर घेतलं.

"उद्या हातानं घेजो," ती म्हणाली.